जगलेली सांग

"जन्मलेली राहू दे. जगलेली सांग."

असं म्हणताना बाई डाव्या हाताची पाचही बोटं पसरायच्या आणि समोरच्याकडे बघत एकेक बोट मिटायच्या. उरलेली बोटं आपल्या नाकासमोर धरायच्या. आपण आकडा सांगेपर्यंत हात खाली यायचा नाही. समोर कंपनीचा मालक असो नाहीतर चहा आणणारा, हात तसाच.

आकडा पिल्लांचा असायचा. डुकरांच्या पिल्लांचा.

मी ऐरोलीतल्या एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर बसते आणि डुकरांच्या वंशावळी सांभाळते. आमची कंपनी चांगल्या जातीच्या माद्या तयार करून डुक्करपालन करणाऱ्यांना विकते. पनवेलच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी कंपनीचा फार्म आहे. तिथे पिल्लं जन्मतात, त्यांचे आकडे आमच्या संगणकावर येतात आणि कोणत्या मादीच्या लेकी पुढच्या पिढीसाठी ठेवायच्या ते आमच्या मजल्यावर ठरतं. खिडकीतून खाडी दिसते. डुक्कर कुठूनही दिसत नाही.

मी हिंगोली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी शिकले. वडील एसटीच्या आगारात टायर बदलायचे. आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. नोकरी लागल्याचं फोनवर सांगितलं तेव्हा वडिलांनी विचारलं, "काम कशाचं?" मी म्हटलं, "प्राण्यांच्या आकडेवारीचं." "कोणते प्राणी?" "डुकरं." मग म्हणाले, "पीएफ कापतात ना?" आणि संध्याकाळी आगारात पेढे वाटले. या नोकरीचे माझ्यावर उपकार आहेत, हे मी विसरलेले नाही. तरीही हे रागानं लिहितेय. राग निवल्यावर लिहावं म्हणून पुष्कळ थांबले. तो निवत नाही.

बाई पशुवैद्य होत्या, त्यात अनुवंशशास्त्राच्या डॉक्टर. मूळच्या साताऱ्याकडच्या. ऑफिसात बहुतेक सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात. माझी जीभ काही वळेना. पहिल्या दिवशी मी त्यांना 'मॅम' म्हटलं. त्या म्हणाल्या, "मॅम मॅम करू नकोस. कोकरू हरवल्यागत वाटतं. शाळेत काय म्हणायचीस?"

"बाई."

"मग तेच म्हण. पगार तेवढाच मिळेल." पुढे बाकीचेही त्यांना बाईच म्हणू लागले.

त्यांच्या टेबलाखाली कायम गमबूट असायचे. चिखल वाळून पांढरा पडलेले. हाउसकीपिंगवाले तक्रार करायचे. बाई म्हणायच्या, "हा चिखलच कंपनीचा माल आहे. एसी त्याच्या पैशानं चालतो."

आमच्या मजल्यावर 'डुक्कर' हा शब्द कुणी उच्चारत नाही. 'युनिट' म्हणतात, 'ॲनिमल' म्हणतात. घरी तर कुणी सांगतच नाही. बाई मात्र लिफ्टमध्ये, कॅन्टीनमध्ये, सोसायटीच्या मीटिंगमध्येही तो शब्द खणखणीत म्हणायच्या. त्यांच्या सोसायटीतल्या सेक्रेटरीनं एकदा विचारलं, "डॉक्टर, तुमी नक्की कशात आहात?"

"डुकरांत."

"म्हणजे?"

"तुम्ही माणसांत आहात ना, तसंच. फक्त तिथे मेंटेनन्सवरून भांडणं होत नाहीत."

आमच्यात मुश्ताक होता, उरणकडचा, डेटाबेस सांभाळणारा. त्याचं म्हणणं सरळ होतं. "मी आकड्यांना हात लावतो, जनावराला नाही. अम्मीला एवढंच सांगितलंय." कंपनीतल्या काही शहाण्यांनी त्याची चेष्टा करून पाहिली. बाईंनी ती एका दिवसात बंद केली, कशी ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. फार्मवरून आल्या की त्या आधी आंघोळ करायच्या, कपडे बदलायच्या आणि मगच मुश्ताकच्या टेबलाशी जायच्या. त्यानं कधी मागितलं नव्हतं. एकदा तो म्हणाला, "बाई, एवढं नका करू." त्या म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही करत. तुझ्या अम्मीशी तुला खोटं बोलायला लागू नये म्हणून करते."

शिव्या हा बाईंचा स्थायी भाव. त्यातली आवडती म्हणजे "मुडदा बशिवला तुमचा!" ती त्या प्रिंटरलाही द्यायच्या आणि विक्री विभागालाही. पण शिवी देतानाही त्यांचा चेहरा असा असायचा, की आपलं काहीतरी चुकलंय आणि ते दुरुस्त करता येण्यासारखं आहे असं वाटावं. तुमच्याही आसपास असं एखादं माणूस असेल. कामाच्या ठिकाणी त्याच्याबद्दल 'नॉलेज आहे, पण ॲटिट्यूड आहे' असं बोललं जातं. त्यातलं 'पण' नीट ऐका. माणूस तिथे कापलेला असतो.

एका वेताला किती पिल्लं होतात, यावर आमचा सगळा धंदा उभा आहे. एकदा विक्री विभागाचा एक तरुण मुलगा धावत आला. त्यानं कुठेतरी जास्त पिल्लं देणाऱ्या जनुकाबद्दल वाचलं होतं. "बाई, सगळ्या फिमेल्सची टेस्ट करू. जीन आहे ती ठेवू, नाही ती काढू. जाहिरातीत टाकू."

बाईंनी त्याला बसवलं. खरंच बसवलं, खुर्ची ओढून. म्हणाल्या, "असं जनुक आहे. एखाद्या जातीत त्याचा उपयोग दिसतो, दुसऱ्या जातीत दिसत नाही. आता ऐक. मादीची किती बीजं सुटतात, ती एक गोष्ट. त्यातली किती रुजतात, ती दुसरी. पोटात किती मावतात, ती तिसरी. या प्रत्येकामागे शेकडो जनुकं, आणि प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. एवढं सगळं मिळूनही आईच्या वेताचा थोडासाच भाग लेकीत उतरतो. बाकी खाणं, उन्हाळा, वय, शेडवरचा माणूस. लेक आईसारखी निघतेच असं नाही. माझी आई कुणाला उलटून बोलली नाही जन्मात."

पोरगा हसला. बाई हसल्या नाहीत. "आणि समज झाली सोळा. पाजणार कशानं? तिला सडं चौदा. ज्याच्या वाट्याला सड नाही ते पिल्लू दोन दिवसांत जातं. तुझ्या जाहिरातीत सोळाच राहतात. म्हणून म्हणते, जन्मलेली राहू दे."

आता मुख्य गोष्ट सांगते.

फार्मवर दोन प्रकारच्या माद्या होत्या. एक विलायती, गुलाबी, लांबलचक, एका वेताला सोळा-सोळा पिल्लं टाकणाऱ्या. दुसऱ्या काळ्या. गावठी रक्तात थोडं बाहेरचं मिसळून बाईंनी त्या पिढ्यान् पिढ्या निवडून तयार केल्या होत्या. काळ्यांना पिल्लं नऊच व्हायची, पण सडं विलायतीइतकीच, दूध भरपूर आणि स्वभाव असा की अंगाखाली पिल्लू येतंय असं वाटलं तर बसता बसता उठायच्या. नोकरीतली सगळी वर्षं बाईंनी या काळ्यांत घातली होती. लग्न, परदेश, बढती यांबद्दल विचारलं तर त्या म्हणायच्या, "वेळ कुठाय? काळी व्यायलीय."

विलायती मादी व्याली की जास्तीची पिल्लं ओरडत राहायची. हे बाईंना बघवेना. म्हणून त्यांनीच एक पद्धत बसवली. पिल्लांना पहिल्या दिवशी आपल्या आईचा चीक पिऊ द्यायचा आणि मग जास्तीची उचलून शेजारच्या काळीला लावायची. काळी हुंगायची आणि पाजायची. हे काम हिराबाय करायच्या. त्या शेजारच्याच गावातल्या, शेडच्या मुकादम. दोन पिल्लं दोन बगलेत घेऊन विलायतीच्या शेडमधून निघायचं आणि उजवीकडे वळायचं. पिल्लं जगू लागली. कंपनी खूश झाली.

घोळ इथे झाला. पिल्लाच्या कानाला जन्मतःच बिल्ला लागतो आणि त्यावर जन्मदात्या आईचा नंबर असतो. पिल्लू कुणाचंही दूध पिऊन वाढो, दूध तुटायच्या दिवशी संगणक बिल्ला वाचतो आणि ते जन्मदातीच्या खात्यात टाकतो. पाजणारीसाठी आमच्या सॉफ्टवेअरमध्ये जागाच नव्हती. कोणतं पिल्लू कुणाकडे दिलं ते हिराबाय खडूनं भिंतीवर लिहायच्या, आणि दूध तुटलं की भिंत धुतली जायची. ती जागा करून द्या म्हणून मुश्ताकनं सॉफ्टवेअरवाल्यांना कितीदा सांगितलं. "पुढच्या व्हर्जनमध्ये," एवढंच उत्तर.

त्यामुळे पडद्यावर काय दिसत होतं? विलायती: सोळा जन्मली, पंधरा जगली. काळी: नऊ जन्मली, नऊ जगली. काळीनं पाजलेली वरची तीन-चार पिल्लं विलायतीच्या नावावर. म्हणजे बाईंनी विलायतीची पिल्लं वाचवली, आणि त्या वाचलेल्या पिल्लांनीच काळ्यांना मागं पाडलं.

आमचे बिझनेस हेड आम्हा सगळ्यांचे 'सर'. त्यांनी त्या आकड्यांवरून ठरवलं, की काळ्या काढायच्या. सगळ्या. फार्म पूर्ण विलायती करायचा. मीटिंगमध्ये मी होते, मुश्ताक होता. बाईंनी पाजणारीची गोष्ट नीट समजावून सांगितली. एकही शिवी न देता. तेव्हाच मला भीती वाटली.

सर म्हणाले, "डॉक्टर, पॉइंट समजला. पण लॉजिकली बघा. तुमी पिल्लं हलवली म्हणून ती काळीकडे जगली. नसती हलवली तर तिथेच जगली नसती, याचा प्रूफ काय?"

"सड नाही त्याला. अजून काय प्रूफ पायजे?"

"ते तुमचं ओपिनियन. सप्लायर म्हणतो, त्यांच्या फिमेल्स मॅनेज करतात. आपण सोप्पं करू. पुढची बॅच हलवू नका. जेवढी विलायतीकडे जन्मतील तेवढी तिथेच ठेवा. मेली, तर तुमचं खरं. काळ्या राहतील. मी लिहून देतो."

बाईंचा डावा हात टेबलावर होता. बोटं पसरलेली होती, पण एकही मिटत नव्हतं.

मला आजही याच क्षणाचा सगळ्यात जास्त राग येतो. प्रश्न तसा चुकीचा नव्हता. संख्याशास्त्राच्या वर्गात आम्हाला हेच शिकवलं होतं. तुलना करायची तर एक गट न बदलता ठेवायचा. सर ते किती शांतपणे म्हणाले! चहाचा कप खाली न ठेवता. ज्या माणसानं पिल्लू कधी हातात घेतलेलं नाही, त्याला ते मरू देणं हा एक पर्याय वाटतो, इतर पर्यायांसारखाच.

बाहेर आल्यावर मुश्ताक म्हणाला, "बाई, एकच बॅच आहे. काळ्या वाचतील. हजार पिल्लं वाचतील पुढची."

"मला हिशोब शिकवू नकोस," बाई म्हणाल्या. मग लिफ्टचं बटण दाबत, "हिशोब बरोबर आहे तुझा."

त्या बॅचला बाईंनी मला सोबत नेलं. "दोन माणसं हवीत बघायला," म्हणाल्या. "उद्या कुणी म्हणायला नको, की म्हातारीनं आकडे फिरवले." मी पहिल्यांदाच फार्मवर गेले. विलायतीच्या शेडमध्ये एक मादी आडवी पडली होती. पोटाशी गुलाबी पिल्लांची रांग, प्रत्येकाच्या तोंडात एकेक सड. आणि रांगेमागे दोन पिल्लं. ती दुसऱ्यांच्या पाठीवर चढत होती, घसरत होती, पुन्हा चढत होती. आवाज बारीक होता. शेडभर आवाज होता, पण मला तोच ऐकू येत होता.

हिराबाय दाराशी उभ्या होत्या. "डाक्टरीनबाय, उचलू का?"

"नाही."

"चीक प्यालीन ती. आता उपाशी हायेत."

"नाही म्हटलं ना."

"मंग मी भायेर जातंय. मना बगवत नाय."

त्या बाहेर गेल्या. बाई कठड्याला टेकून उभ्या राहिल्या, हात पाठीमागे, एका हातानं दुसऱ्याचं मनगट घट्ट धरलेलं. दोनांतल्या एका पिल्लानं चढणं सोडून दिलं. ते कोपऱ्यात जाऊन भिंतीला लागून बसलं. बाई त्याच्याकडे बघत होत्या. मी त्यांच्याकडे बघत होते. मनात म्हणत होते, बाई, थांबा, एवढीच एक बॅच. हेही खरं आहे, की मनात म्हणत होते, बाई, उचला.

"मुडदा बशिवला तुमचा," बाई हळू म्हणाल्या. कुणाला, ते कळलं नाही. मग गमबुटासकट कठड्यावरून आत उतरल्या, कोपऱ्यातलं पिल्लू एका बगलेत घेतलं, दुसरं दुसऱ्या बगलेत, आणि उजवीकडे वळून चालू लागल्या. काळी आडवी पडलेली होती. तिनं हुंगलं. पिल्लानं सड धरलं आणि बारीक आवाज बंद झाला.

बाईंचा सदरा छातीपासून खाली घाणीनं भरला होता. "झाला पुरावा," त्या म्हणाल्या. "जा, हिराला बोलाव. बाकीच्या शेडमधलीपण उचला म्हणावं."

परतताना गाडीत त्या एवढंच बोलल्या. "पुरावा गोळा करायला दगड लागतो छातीत. या बाबतीत आपण कमी पडलो." मी म्हटलं, "बाई, तुम्ही कमी नाही पडलात." त्यांनी खिडकीची काच खाली केली आणि म्हणाल्या, "तोंडावर गोड बोलू नकोस. सवय लागेल."

पुढच्या मीटिंगमध्ये सरांनी विचारलं, "बॅचचं काय झालं?" बाईंनी सांगितलं. सर सहानुभूतीनं हसले. "बघा, मग आपल्याकडे डेटा नाही." मी हात वर केला आणि शेडमध्ये काय पाहिलं ते सांगितलं. सर म्हणाले, "थँक्यू. पण ते ऑब्झर्व्हेशन झालं ना, डेटा नाही."

काळ्या माद्या ट्रकमध्ये चढवल्या त्या दिवशी बाई फार्मवर होत्या. हिराबायनं नंतर सांगितलं, की त्यांनी एकेका मादीच्या पाठीवर हात ठेवला आणि ट्रकवाल्याला, मॅनेजरला, डोंगराला अशा काही शिव्या दिल्या की ट्रकवाला पाया पडला. दुसऱ्या दिवशी ऐरोलीला येऊन त्यांनी राजीनामा दिला. निरोपाचा केक आणला होता. विक्री विभागानं मागवला होता, वर 'थँक्यू डॉक्टर' लिहिलेलं. बाई म्हणाल्या, "तो मुश्ताकच्या अम्मीला द्या. मी काय खायचं ते खाल्लंय." गमबूट उचलले आणि गेल्या. हाउसकीपिंगवाल्यानं फरशीवरचा पांढरा चिखल पुसायला वेळ लावला. त्यालाही वाईट वाटत असावं.

गावाकडून त्यांनी मला एकदाच फोन केला. काळ्या गेल्यानंतरच्या पहिल्या बॅचचं दूध तुटलं होतं, त्या आठवड्यात. कशी आहेस वगैरे काही नाही. "किती जगली?"

मी आकडा सांगितला. त्यांनी फोन ठेवला. त्यानंतर मी कितीदा लावला, त्या उचलत नाहीत. मला कळतं. माझ्याकडे सांगायला तोच आकडा आहे, थोडा वरखाली.

सरांनी त्या आकड्याबद्दल मीटिंग घेतली. "सर्व्हायव्हल अचानक का पडलं? रूट कॉज काय?" मुश्ताकनं माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "सर, रूट कॉज साताऱ्याला गेला." कुणी हसलं नाही. सरांनी तज्ज्ञ समिती नेमायचं ठरवलं.

त्या समितीसाठी आकडे तपासायला मला परवा फार्मवर पाठवलं. उजवीकडच्या शेडमध्ये आता खाद्याची पोती आहेत. विलायती मादी व्याली होती. पोटाशी गुलाबी रांग आणि रांगेमागे चढणारी, घसरणारी पिल्लं. मी वहीत मोजत होते. हिराबाय आल्या, दोन पिल्लं उचलून दोन बगलेत घेतली, दारातून बाहेर पडल्या आणि सवयीनं उजवीकडे वळल्या.

चार पावलांवर पोती होती. त्या तिथेच थांबल्या. वळून माझ्याकडे बघितलं.

आमच्या घरात मुलींनी शिवी दिलेली नाही. मला चांगल्या शाळेत घातलं, कॉलेजला पाठवलं, ते वडिलांनी टायर बदलून. मी कुणाला कधी अरेतुरेसुद्धा केलेलं नाही. पण तोंडातून आलं, मोठ्यानं, शेडभर. "मुडदा बशिवला तुमचा!"

"आता कशी डाक्टरनीसारकी बोललीस," हिराबाय म्हणाल्या. त्या हसत होत्या की काय, ते बघायला मी थांबले नाही. वही पोत्यावर टाकली आणि हात पुढे केले. त्यांनी एक पिल्लू माझ्याकडे दिलं. ओंजळीत मावेल एवढं. ते माझं बोट चोखू लागलं. बोटाला दूध नव्हतं, तरी ते चोखत राहिलं.

गरम होतं. अजून ते जगलेल्यांत होतं.